धुऱ्यापलीकडची टिकटिक

त्या वर्षांत अकोल्यात लाइट गेली की लोक शिव्या घालायचे आणि मी खुशीत हेडफोन कानाला लावायची. हे मी कुणापाशी बोलत नसे. शाळेच्या स्टाफरूममध्ये भारनियमनावर सगळे तावातावाने बोलत असायचे. आपण तर त्याची वाटच पाहतो, असं तिथे सांगितलं असतं तर मला वाळीतच टाकलं असतं. पण खरं तेच होतं. मी हौशी रेडिओ ऑपरेटर. सरकारी परीक्षा देऊन लायसन्स घेतलेली, घरात स्वतःचा ट्रान्समीटर असलेली, आणि गच्चीवरच्या तारेतून जगभरच्या आपल्यासारख्याच येड्यांशी मोर्समध्ये बोलणारी बाई. मोर्स म्हणजे तारेची जुनी भाषा, नुसते लांब डा आणि आखूड डिट. शाळेत मी विज्ञान शिकवायची, त्यामुळे लोकांना वाटे की हे अभ्यासाचंच काहीतरी असेल. मीही तसं वाटू दिलं.

लाइट जाण्यात आनंद कशाचा, ते सांगते. रेडिओच्या अगदी खालच्या पट्ट्यांवर, ज्यांना आम्ही लो बँड म्हणतो, लहरी फार लांब असतात. दिवसा त्या जवळपासच मरून जातात. सूर्य बुडाला की हातपाय पसरतात, आणि पहाटे उजाडण्याच्या सुमाराला थोडा वेळ पृथ्वीच्या पार दुसऱ्या अंगाला जाऊन पोचतात. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे लांबच लांब तार, आणि दुसरी शांतता. शहरात शांतता कुठली? ट्यूबलाइटचे चोक, टीव्ही, मिक्सर, सगळ्यांची खरखर त्या पट्टीवर येऊन साठते. लाइट गेली की डोक्याशी चालू असलेली गिरणी कुणीतरी बंद करावी तसं व्हायचं. आमचा रेडिओ बॅटरीवर. मग त्या शांततेत कुठला तरी जपानी, कुठला तरी फिनलंडचा माणूस टुकटुक करत वर यायचा.

मला मोर्स शिकवली ती चाचांनी. चाचांचं अकोल्यात मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. त्या काळात व्होल्टेज असं खालीवर व्हायचं की शेताशेतांतल्या पंपाच्या मोटारी जळून त्यांच्या दुकानासमोर रांगेत पडलेल्या असत. चाचा तरुणपणी मूर्तिजापूर जंक्शनवरच्या एका तारबाबूजवळ मोर्स शिकले होते आणि ती त्यांच्या बोटांत इतकी मुरली होती की ते बोलता बोलता टेबलावर वाजवत राहायचे. माणूस मोठा दिलदार, पण बोलण्यात नम्रता औषधालाही सापडायची नाही. आपल्याइतका वेगवान हात अख्ख्या हिंदुस्थानात नाही, हे ते दुकानात आलेल्या शेतकऱ्यालाही ऐकवायचे. तो बिचारा मोटार कधी मिळते एवढंच विचारत असे.

दर जानेवारीच्या शेवटी लो बँडवर मोर्सची एक स्पर्धा असते. दोन दिवसांत जास्तीत जास्त देश गाठायचे. गाठायचे म्हणजे गप्पा नाही मारायच्या. त्याने आपलं कॉलसाइन, म्हणजे लायसन्सवर मिळालेलं अक्षर-आकड्यांचं नाव, घ्यायचं, आपण त्याचं, एकमेकांना ‘ऐकू येतोस’ एवढं कळवायचं आणि पुढे जायचं. त्याने एक जरी अक्षर चुकीचं घेतलं तर ते दुरुस्त करून घ्यावं लागतं, नाहीतर तो संपर्क झालाच नाही असं धरायचं. आणि जे ऐकलं नाही ते ऐकलं म्हणायचं नाही. तिथे बघायला कोणी नसतं, म्हणून तर हा नियम सगळे पाळतात.

आम्ही अंटार्क्टिका न धरता खंड सहाच मोजतो; त्यांपैकी माझे पाच झाले होते. राहिली होती दक्षिण अमेरिका. आमच्या इथून ती पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या टोकाला येते, आणि त्या पट्टीवर ती मिळाली तर पहाटेच मिळणार, तीही थोडकाच वेळ. मोठ्या शहरातल्या एका जुन्या ऑपरेटरने मला रेडिओवरच, सगळ्यांना ऐकू येईल असं, सुनावलं होतं की वऱ्हाडातून ते जमायचं नाही, उगाच वेळ घालवू नका. मी गोड बोलून निरोप घेतला आणि त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. त्या वर्षांत वऱ्हाड म्हटलं की बाहेरच्या माणसाचा चेहराच बदलायचा. पुण्याला लग्नात गेलं तरी लोक दुखवट्याला आल्यासारखे बोलायचे. अमरावती, अकोला, यवतमाळ, ही नावं पेपरात एकाच कारणाने छापली जायची. मला ती नावं आणखी कशासाठी तरी घेतली जावीत असं फार वाटायचं. म्हणून मी ठरवलं की या वेळी गच्चीवरून नाही, वावरातून, म्हणजे शेतातून करायचं.

माझ्या सासरचं वावर मूर्तिजापूरजवळ आहे. बटईने, म्हणजे वाट्याने कसायला दिलेलं. सोयाबीन निघून गेलं होतं आणि रान मोकळं पडलं होतं. आमची काळी जमीन ओल धरून ठेवते, आणि रेडिओच्या लहरींना ओली काळी जमीन फार मानवते. हे आम्हाला पुस्तकातून माहीत होतं, करून पाहिलेलं नव्हतं. चाचांनी बोअरचे जुने पाइप एकात एक घालून खांब केला. त्याच्या बुडाशी चहूकडे तारा अंथराव्या लागतात, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. त्या तारा चाचांनी जळक्या मोटारींतून काढल्या होत्या. ते पोत्यातून तांब्याची भेंडोळी काढत होते आणि ही कारंजा गावची मोटार, ही दर्यापूरची, असं सांगत होते. आमचे हे, म्हणजे माझा नवरा, यांना डा आणि डिट यांतला फरकही कळत नाही, पण तंबू, चहा आणि ड्रायव्हिंग हे खातं त्यांनी आनंदाने घेतलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी सगळं उभं झालं. सूर्य खाली गेला तसा मी रेडिओ लावला, आणि कानात आलं, टिक. टिक. टिक. टिक.

सेकंदासेकंदाला एक ठोका, आणि त्याच्यामागे जग बुडालेलं. मोर्सचा डिट केवढा असतो? टिकटिकीने प्रत्येक शब्दातलं एखादं अक्षर गिळलं असतं. आम्ही आधी दोष स्वतःलाच दिला. चार्जर काढला. मोबाइल बंद करून गाडीत ठेवले. चाचांनी आमच्या ह्यांच्या मनगटावरच्या घड्याळावर संशय घेतला आणि ते काढायला लावून रस्त्यापर्यंत नेऊन ठेवलं. हे उघड्या मनगटाने चहा करत राहिले. टिकटिक चालूच. मग भारनियमनाची वेळ झाली, गावातले दिवे गेले, दूरवरची सगळी खरखर थांबली आणि ती टिकटिक एकटीच, आधीपेक्षाही स्वच्छ ऐकू येऊ लागली.

चाचा म्हणाले की हा लष्कराचा रडार आहे. मी म्हटलं की मूर्तिजापुरात लष्कर काय करतंय. ते खिशातला ट्रान्झिस्टर घेऊन निघाले, फिरवून पाहत, जिकडे आवाज वाढेल तिकडे चालत. धुऱ्यापाशी, शेजारच्या बांधापाशी पोचले, आणि अंधारातून त्यांची किंकाळी आली. टिकटिकीचं मूळ सापडलं होतं, आणि ते त्यांना हातानेच सापडलं होतं. शेजारच्या वावराला चारी बाजूंनी तार होती. झटका मशीन. रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून बॅटरीवर चालणारी, दर सेकंदाला तारेत झटका सोडणारी. माणूस मरत नाही, पण चाचांचा अभिमान बराच वेळ बेशुद्ध होता.

शुक्रवारी सकाळी मी त्या वावरात गेले. हरभरा होता, कमरेखाली दाट, घाटे भरत आलेले. एक बाई एकेक झाड उलटून अळी पाहत होत्या. माझ्याच वयाच्या असाव्यात. मी नमस्कार केला तर त्यांनी मान वर न करता विचारलं, “फारम भराले आल्या का?”

मी नाही म्हटलं. त्यांना खरं वाटलं नाही. त्या वर्षी गावागावांत कुणी ना कुणी कागद घेऊन फिरत होतं. त्यांनी सांगितलं की मागच्या हप्त्यात दोन पोरं आली होती आणि त्यांना विचारत होती की रात्री झोप लागते का. येते म्हटलं, त्या म्हणाल्या, दिवसभर वावरात राबून झोप काहून नाही येणार. ते उत्तर त्या पोरांना आवडलं नाही. त्यांनी तोच प्रश्न फिरवून फिरवून तीनदा विचारला. हे ऐकून मला हसू आलं आणि त्याही हसल्या. त्यानंतर आमचं नीट बोलणं सुरू झालं. मी त्यांना वहिनी म्हटलं, त्या मला म्याडम म्हणत राहिल्या.

त्यांचे यजमान ट्रकवर होते. संत्र्याचा हंगाम, वरुडहून माल भरायचा आणि उत्तरेकडे जायचं, महिना महिना पत्ता नाही. त्यामुळे या साली वावरात काय घ्यायचं ते वहिनींनी ठरवलं होतं. दिराने सांगितलं होतं की वावर माझ्याकडे बटईने द्या, बाईमाणसाच्याने होणार नाही. वहिनींनी दिलं नाही. त्यांनी सोयाबीन काढल्याबरोबर हरभरा पेरला, स्वतः उभं राहून. आता बोली अशी झाली होती की हरभरा नीट घरी आला तर वावर त्यांच्याच हाती राहील, आणि रोह्यांनी खाल्ला तर पुढच्या सालापासून दीर कसणार. झटका मशीन त्यासाठी होती. एकटी बाई रात्री वावरात बसली तर गाव चार गोष्टी बोलतं. मशीनला गाव काय बोलणार?

आणि मी त्यांना तीच मशीन बंद ठेवा म्हणून सांगायला आले होते. मला माझीच लाज वाटली. पण मी सांगितलं. काहीच लपवलं नाही. रेडिओ काय, स्पर्धा काय, टिकटिकीने काय होतं, पहाटेचा तो थोडका वेळ, सगळं. दोन पहाटा मशीन बंद ठेवली तर तेवढा वेळ आम्ही तुमच्या पिकाची जागल करू, असं म्हटलं.

वहिनींनी विचारलं की तुम्ही त्या लांबच्या माणसाला इथलं काय सांगणार. मी म्हटलं, काहीच नाही. फक्त आमचं नाव, आणि तू ऐकू येतोस एवढं.

“रडगानं नाई?”

“नाही.”

त्यांनी हातातली अळी नखाने चिरडली, विचार केला. मग अट घातली. “मशीन बंद करतो. पन जागल तुमी सोता कराची, म्याडम. गड्यामान्सावर टाकाची नाई. गडी मानूस बिडी प्याले बसते अन् झोपते.” आमच्याकडच्या बायका ‘करतो, जातो’ असंच बोलतात, पुण्याच्या माझ्या नणंदेला त्याचा भारी त्रास होतो. मी शब्द दिला. चाचांनी हे ऐकलं तेव्हा ते बिडी पीत नाहीत हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

शनिवारी पहाटे स्पर्धा सुरू झाली. मशीन बंद, टिकटिक गेलेली. मी धुऱ्यावर शाल गुंडाळून, हातात डालड्याचा रिकामा डबा आणि काठी घेऊन उभी. चाचा तंबूत रेडिओवर. मला ऐकू यावं म्हणून त्यांनी स्पीकर लावला होता. असं मी अकोल्याच्या गच्चीवर कधी ऐकलं नव्हतं. ती काळी जमीन जे काही पुस्तकात सांगितलं होतं ते सगळं करत होती. रशिया, इटली, अल्जेरिया, एकामागून एक, जणू वावराखालच्या नाल्याच्या पलीकडे बसल्यासारखे. चाचांचा हात सपासप चालला होता. मला त्यांचा अभिमान वाटत होता, आणि त्याहून जास्त माझ्या हातात डबा असल्याचा वैताग येत होता.

पूर्वेला जरा फटफटलं तेव्हा नाल्याच्या काठाला रोही दिसले. आधी एक नर, निळसर काळा, मग त्याच्यामागे बाकीचे. सात-आठ असतील. थांबून वास घेत होते. आमचे हे दुसऱ्या कोपऱ्यावर होते, त्यांनाही दिसले. आणि नेमकं तेव्हा तंबूतून चाचांनी हाक मारली.

“बेटी, इकडं ये. ब्राझील वाटून राह्यला.”

चाचांचा हात वेगवान, पण कान साठीचे. बारीक आवाज उचलणं हे माझं काम होतं, ते दोघांनाही ठाऊक होतं. स्पीकरमधून मला त्या खरखरीच्या खाली काहीतरी पातळसं हललेलं कळलं. ह्यांनी ओरडून सांगितलं की तू जा, मी पाहतो. पण तोवर कळप फुटला होता. अर्धे ह्यांच्या बाजूला, अर्धे माझ्या. दोघं उभे राहिलो तरच वावर राखलं जाणार होतं. आणि खरं सांगायचं तर ते नसतं तरीही मी शब्द दिला होता. मी गेले नाही. डबा बडवत नाल्याकडे धावले, घसा फाटेपर्यंत ओरडले, माझ्या आवाजाने नर बिचकला, वळला, आणि सगळे कपाशीच्या पऱ्हाट्यांतून पार पळाले. एकाचंही पाऊल हरभऱ्यात पडलं नाही.

तंबूत आले तोवर सूर्य वर आला होता. पट्टी रिकामी झाली होती. चाचा डोळे मिटून बसले होते. त्यांनी त्याला पुन्हा पुन्हा हाक दिली होती, त्याने प्रश्नचिन्ह पाठवलं होतं, म्हणजे कोण आहेस, पुन्हा सांग. आणि मग तो बुडाला. मी रडले. दुःखाने नाही, रागाने. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते माझ्याच कानाच्या अंतरावर येऊन गेलं होतं आणि मी तिथे डबा बडवत होते. चाचा एरवी दहा वाक्यं बोलले असते. त्यांनी माझ्यापुढे चहाचा कप सरकवला, एवढंच.

वहिनी सकाळी आल्या त्या सरळ नाल्याकडे गेल्या. ओल्या मातीत खुरांचे ठसे होते. ते धुऱ्यापर्यंत येऊन वळले होते, आणि त्यांच्यासमोर माझ्या चपलांचे. त्यांनी ते वाकून पाहिले. मग आमच्या ह्यांना विचारलं की म्याडमचा चेहरा असा काहून आहे. ह्यांनी सांगितलं. मला वाटलं त्या काहीतरी बोलतील, निदान बरं वाटावं म्हणून. वहिनी भाकरीचा डबा आमच्या तंबूत ठेवून कामाला लागल्या.

शनिवारी संध्याकाळी मात्र त्या पुन्हा आल्या. डोक्याला घट्ट रुमाल, खांद्यावर घोंगडी, हातात विळा. मशीनचा खटका त्यांनीच पाडला. मी डबा घेऊन निघाले तर त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. “तुमी तुमचं करा. आता अठी बाई मानूस हाय, मले बी बसता येते.”

मी म्हटलं की अट तर माझी होती. त्या म्हणाल्या की अट त्यांची होती, आणि आता ती त्यांनीच सोडली. गाव काय म्हणेल, असंही मी विचारलं. गावाला उद्या सकाळी पाहून घेऊ, म्हणाल्या. मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाल्या, “अन् आइका. रोही आले तं उठू नका. माहं वावर हाय. माहं मी पाह्यतो.”

त्या पहाटे मी रेडिओवर बसले आणि चाचा बाहेर वहिनींच्या सोबतीला गेले. तंबूतून मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, चाचा त्यांना आपला हात हिंदुस्थानात कसा पहिला आहे ते सांगत होते आणि वहिनी विचारत होत्या की मंग दुकान काहून चालवता. मग मी हेडफोन लावले आणि बाहेरचं जग बंद केलं.

युरोप आला, आफ्रिका आली. पूर्वेकडून उजेड तंबूच्या कापडावर चढला तसे जवळचे आवाज खचू लागले, आणि त्या खचण्याच्या खाली, अगदी तळाशी, तो आला. कालचाच. मी त्याचं कॉलसाइन आधी दोन अक्षरांत पकडलं, मग पूर्ण. मी हाक दिली. तो थांबला. पुन्हा हाक दिली. त्याने माझं कॉलसाइन पाठवलं, शेवटचं अक्षर चुकीचं.

त्याच क्षणी बाहेर डबा वाजला. चाचांचं ओरडणं, वहिनींचं ओरडणं, ह्यांचं धावणं, हेडफोनच्या आतूनही मला कळत होतं. कळप परत आला होता. माझे पाय खरोखर उठायला निघाले होते. मी ते बसले होते त्या बाजेच्या पायाला अडकवून ठेवले आणि मोर्सच्या कीवरचा हात काढला नाही. शेवटचं अक्षर पाठवलं, सावकाश, मोकळं. पुन्हा एकदा. तो विरत चालला होता. आणि मग वर आला, माझं कॉलसाइन, पूर्ण, बरोबर, आणि ‘ऐकू येतेस’. मी त्याला ‘ऐकू येतोस’ पाठवलं. त्याने निरोपाचे दोन डिट टाकले आणि गेला. पट्टीवर सूर्य उगवला.

मी हेडफोन काढून तशीच बसून राहिले. मला भयंकर अभिमान वाटत होता आणि तो मी आजही लपवत नाही. निकाल आला तेव्हा यादीत आमचा नंबर बराच खाली होता, चाचांनी त्या निकालाला कधी मान्यता दिली नाही. पण मूर्तिजापूरच्या काळ्या जमिनीतून, दर्यापूरच्या जळक्या मोटारीच्या तारेवरून पाठवलेलं माझं नाव पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एका माणसाने बरोबर लिहून घेतलं होतं, आणि त्याला माझ्याबद्दल वाईट वाटलेलं नव्हतं.

बाहेर आले तर वहिनी नाल्याच्या अंगाला कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. धापा टाकत. पातळ गुडघ्यापर्यंत दवाने भिजलेलं. चाचा धुऱ्यावर बसून छाती चोळत होते. मी काही विचारणार तेवढ्यात रस्त्यावर मोटारसायकल थांबली आणि वहिनींचे दीर आले. दोन रात्री मशीन बंद आहे हे गावात पोचलं होतं. माणूस तसा वाईट नसावा. पण हरभरा खाल्लेलाच सापडणार, अशी खात्री त्या चेहऱ्यावर होती. त्यांनी धुऱ्याने चालत वावराला पूर्ण एक फेरी मारली, मधे मधे वाकून पाहिलं, नाल्याकडच्या खुरांपाशी बराच वेळ थांबले. मग परत आले.

“रोही आलते?”

“आलते,” वहिनी म्हणाल्या.

“मंग?”

“हाकलले.”

दिरांनी आमच्याकडे पाहिलं. खांबाकडे, तारांकडे, चाचांच्या टोपीकडे, माझ्याकडे. मग ते पुढच्या सालाचं काहीतरी बोलू लागले. वहिनींनी त्यांना पुरतं बोलू दिलं नाही.

“पुढच्या साली बी मीच पेरतो, भाऊजी.”

त्यांनी हरभऱ्याकडे एकदा पाहिलं, मान हलवली, म्हणाले की घाटा चांगला भरला आहे, आणि गेले. मोटारसायकलचा आवाज गावाकडे गेला. मग वहिनी माझ्याकडे वळल्या आणि पहाटेपासून पहिल्यांदाच विचारलं, “तुमचं झालं का, म्याडम?”

“झालं.”

“माहं बी झालं,” त्या म्हणाल्या, आणि मशीन चालू करायला गेल्या.